बावीस नंबरचा तुडतुडा

मावा, तुडतुडे, फुलकिडे. रेडिओवरच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात हे तीन शब्द इतक्या एका दमात यायचे, की लहानपणी मला ते कुणा माणसाचंच नाव वाटे. मावा हे त्याचं, तुडतुडे वडिलांचं आणि फुलकिडे आडनाव. त्यातल्या मधल्याशी आमचं घराण्याचं वैर. राजापूर तालुक्यात आमची हापूसची पासष्ट कलमं आहेत. मोहोर फुटला की बाबांचं बोलणं तुडतुड्यावर यायचं, ते कैरी सुपारीएवढी होईपर्यंत हटायचं नाही. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, पाचरीसारखा किडा. मोहोराचा रस पितो आणि चिकट गोड पाणी सोडतो, मग त्यावर काळी बुरशी धरते. कीड वाढली की झाडाखालून जाताना पानांवर तुडतुड आवाज येतो, पाऊस पडायला लागल्यासारखा. "यंदा तुडतुडा कमी दिसतोय," हे वाक्यसुद्धा बाबा दबक्या आवाजात म्हणत, त्याने ऐकू नये म्हणून.

तोच तुडतुडा मी आता अमेरिकेत बसून, भिंगाखाली, स्वतःच्या हाताने तयार करतो. हे बाबांना सांगायला मला दोन वर्षं लागली.

मी राहतो पेनसिल्व्हेनियात, कार्लाइल गावाजवळ. गाव जुनं, पण आता त्याची ओळख गोदामांची आणि ट्रकांची. मीही एका गोदामाचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटी इथे आलो. या गावातून लेटॉर्ट नावाचा एक प्रवाह वाहतो. नदी म्हणवत नाही, आमच्याकडे त्याला पऱ्या म्हणतील. काही ठिकाणी तरणा माणूस धावत येऊन उडी मारेल इतकी रुंदी. १७२०च्या सुमारास इथे येऊन राहिलेल्या लेटॉर्ट नावाच्या कातड्यांच्या व्यापाऱ्यावरून हे नाव पडलं. पाणी चुनखडीच्या खडकातून झऱ्यांनी वर येतं, म्हणून बाराही महिने जवळजवळ एकाच तापमानाचं, साधारण ११-१२ अंश सेल्सिअस. ऑगस्टमध्ये बाहेर अंगाची लाही होत असते आणि सकाळी या पाण्यावर धुकं तरंगत असतं. तळाशी हिरव्या शेवाळाचे आणि पाणवनस्पतींचे गादीसारखे थर. वरून महामार्गाचा पूल जातो, ट्रकांची घरघर थांबत नाही, आणि त्या घरघरीखाली शांतपणे शेपटी हलवत ट्राउट मासे उभे असतात.

हे पाणी फ्लायने मासे धरणाऱ्यांची पंढरी आहे, हे मला शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं. मला फ्लाय म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं. मराठीत सांगायचं तर माशी. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. मासा आणि माशी यांच्यात आपल्या भाषेत एका अक्षराचा फरक आहे, पण माशीने मासा धरतात हे मला तिशी उलटल्यावर कळलं.

गरवणं मात्र मला नवं नव्हतं. कोकणातल्या पोराला कोण शिकवतं? अर्जुना नदीच्या काठी आजोबांबरोबर मी बांबूची काठी आणि गरी घेऊन बसायचो. काडू म्हणजे गांडूळ, हे नेहमीचं आमिष. पण दिवाळीच्या आसपास, गवत पिवळं पडायला लागलं की आजोबा काडवाला हात लावत नसत. मला गवतात सोडून नाकतोडे धरून आणायला सांगत. आणि गरी टाकायची ती मधोमध नाही, काठावरच्या उंबराच्या फांदीखाली. तीही हळूच नाही, चांगला टप्प असा आवाज करून. "तिथं वरून कायतरी पडतंच असतं," एवढंच ते म्हणत. उंबर पडतं, किडा पडतो, आणि खाली मासे तोंड वासून उभे. त्यांना यापेक्षा जास्त शास्त्र सांगायची गरज वाटली नाही.

इंग्रजीत यालाच टेरेस्ट्रियल म्हणतात. जमिनीवरचे किडे, ज्यांचा पाण्याशी काही संबंध नाही. मुंगी, भुंगेरा, रातकिडा, नाकतोडा, तुडतुडा. फ्लाय मासेमारीचं सगळं जुनं इंग्लिश पांडित्य पाण्यात जन्मणाऱ्या किड्यांवर उभं होतं. ते किडे पाण्यातून वर येतात, पंख वाळवतात, ठरल्या महिन्यात ठरल्या वेळी उडतात, आणि मासा ठरल्या वेळी जेवतो. पण जुलै-ऑगस्टमध्ये ही जेवणाची पंगत जवळजवळ उठते. मग मासा काठाला येतो आणि गवतातून घसरून पडणाऱ्यांची वाट बघतो. पाण्यात पडणं हे त्या किड्यांच्या आयुष्यातलं वेळापत्रक नव्हे, तो अपघात आहे. वारा आला, पाय घसरला, कुणी गवत कापलं. ट्राउट उन्हाळाभर दुसऱ्यांच्या अपघातांवर पोट भरतो असं म्हटलं तर ते दुष्टपणाचं होईल, पण खोटं नाही.

माझा पहिला उन्हाळा लेटॉर्टने पूर्ण वाया घालवला. भर दुपारी पाण्यावर लहान लहान वर्तुळं उठायची, म्हणजे मासा काहीतरी टिपत होता. पण मी कितीही डोळे ताणले तरी पाण्यावर काहीच दिसायचं नाही. दुकानातून आणलेल्या सुंदर, उभ्या पंखांच्या माश्या मी त्यांच्या नाकावरून वाहवल्या. मासे थोडे बाजूला सरकायचे. घरी पाहुणे आले की पोरं सोफ्यावर सरकतात तसे.

हेच कोडं इथे १९४०च्या दशकात व्हिन्सेंट मरिनारो आणि चार्ल्स फॉक्स या दोन मित्रांना पडलं होतं. मासे वर येत आहेत आणि पाण्यावर काही नाही. मरिनारोने अखेर जे केलं ते मला फार आवडतं. तो काठावर पालथा पडला आणि त्याने तोंड पाण्याजवळ नेलं. तेव्हा कुठे त्याला दिसलं की पाणी रिकामं नाहीच, ते बारीक तुडतुड्यांनी, मुंग्यांनी, भुंगेऱ्यांनी भरलेलं आहे. पाण्याच्या पातळीशी इतके चपटे होऊन वाहणारे, की उभ्या माणसाला दिसणं शक्यच नाही. १९५० साली त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि तुडतुड्याच्या फ्लायला त्या काळच्या शास्त्रीय नावावरून जॅसिड म्हटलं.

मीही पालथा पडून पाहिलं. दोनेक मिनिटांत कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी लांबूनच विचारलं, सर, तुम्ही ठीक आहात ना? मी डोकं वर न काढता हात हलवला. त्यांचं समाधान झालं नसावं, कारण त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. पण मी ते सोडून उठणार नव्हतो. नाकापासून वीतभर अंतरावरून एक लाल मुंगी गेली, सहा पायांचे सहा बारीक खड्डे पाण्यावर पाडत. मग काळा ठिपका, मग आणखी एक. आणि मग एक हिरवट पाचर, जी मी कुठेही ओळखली असती.

ट्राउटला हे कसं दिसतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. पाण्याखालून वर पाहिलं की डोक्यावर एक गोल खिडकी दिसते. प्रकाश वाकतो म्हणून त्या खिडकीत बाहेरचं सगळं जग दाबून बसतं. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग म्हणजे आरसा, त्यात फक्त तळाचं प्रतिबिंब. मासा एक फूट खोल असला तर खिडकीचा व्यास साधारण सव्वादोन फूट. मासा वर आला की खिडकी लहान होते, आणि टिपायच्या क्षणी ती जवळपास बशीएवढी उरते. आता किडा वाहत आला की आधी आरशात फक्त त्याच्या अंगाने आणि पायांनी पाडलेले खड्डे चमकतात. मग तो खिडकीत शिरतो, आणि वर लख्ख आकाश असल्यामुळे दिसते ती काळी आकृती. किती लांब, किती रुंद, कडा कशी. वर पाठीवर किती जाडी आहे, रंग कोणता, डोळे किती सुंदर रंगवलेत, यातलं माशाला फारसं काही पोचत नाही. मरिनारोचं म्हणणं एवढंच होतं की जाडी सोडा, सावली बरोबर करा.

ही सावली करायला त्याने जे वापरलं ते ऐकून मी दुकानात मोठ्याने हसलो होतो. काउंटरमागच्या माणसाने काचेच्या कप्प्यातून एक इवलंसं पाकीट काढलं. आत सहा पिसं. प्रत्येक पिसाच्या टोकाला पांढरट-पिवळा, चकचकीत, लाखेचा थेंब गोठल्यासारखा ठिपका. जंगल कॉक, तो म्हणाला, फार दुर्मीळ, भारतातला पक्षी. मी म्हटलं, हा आमच्या घरामागे असतो.

राखी रानकोंबडा. मानेवर ही पिसं, त्यांची दांडी टोकाला पसरून कडक, गुळगुळीत चकती होते. पहाटे कलमांच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेला आरवायचा. गावठी कोंबड्यासारखं सणसणीत नाही, तुटक, मध्येच विचार बदलल्यासारखं. दिसायचा मात्र क्वचित. पाचोळ्यात खरखर व्हायची, आपण थांबलो की तीही थांबायची. सह्याद्रीपासून दक्षिणेत खालपर्यंत आढळणारा हा पक्षी. इंग्रजांच्या राज्यात त्याच्या माना गठ्ठ्यांनी विलायतेला जायच्या, तिथल्या सामन मासा धरायच्या भडक खोट्या माश्यांच्या गालावर बसायला. पुढे भारतातून निर्यात बंद झाली, आणि १९७२च्या कायद्याने पक्ष्यालाच संरक्षण मिळालं. आता दुकानात येतात ती परदेशात पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं. म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या एका पऱ्यात तुडतुडा बनवण्यासाठी मी विकत घेत होतो, तर त्या रानकोंबड्याचं पीस, जो आमच्या कलमांखाली पाचोळा उकरून बहुधा किडेच खात होता.

तसं पाहिलं तर त्या पऱ्यात अस्सल स्थानिक फार कुणी नाही. तिथला ब्राउन ट्राउट युरोपातला, १८८३ साली जर्मनीहून त्याची अंडी अमेरिकेत आली. त्याच्या आवडीचा जपानी भुंगेरा १९१६ साली न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडला आणि मग गुलाब, द्राक्षं, जे दिसेल ते कुरतडत पसरला. इथल्या लोकांनी त्याला शिव्या घातल्या आणि लेटॉर्टच्या मंडळींनी त्याची फ्लाय बांधली. सुरुवातीच्या प्रयत्नांतला एक म्हणजे सरळ कॉफीची बी, घासून गळाला चिकटवलेली. मरिनारोने त्यावरही मोठ्या आकाराची रानकोंबड्याची पिसं चढवली. आता सगळे काळ्या फोमचा भुंगेरा करतात, खाली मोरपिसाची केसाळ गुंडाळी. दोन मिनिटांत होतो, कॉर्कसारखा तरंगतो, मासेही खातात. माझं त्याच्याविषयी काही म्हणणं नाही. फक्त तो बांधताना हात थरथरत नाहीत, म्हणून मला त्यात मजा येत नाही.

जॅसिड बांधताना थरथरतात. गळ २० किंवा २२ नंबरचा. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो. २२ नंबरचा गळ बोटाच्या पेरावर ठेवला तर आधी सापडायला हवा. तो व्हाइसच्या चिमटीत धरायचा आणि त्यावर काळा बारीक दोरा गुंडाळत मागे न्यायचा. मग कोंबड्याच्या मानेचं एक अरुंद पीस गळाभोवती आडवंतिडवं फिरवायचं, म्हणजे त्याचे केस चारी बाजूंनी उभे राहतात. नंतर कात्रीने वरचे केस साफ कापायचे, खालचेही कापायचे. उरतात ते दोन्ही बाजूंचे, तेच पाय. त्यांच्यावर फ्लाय पाण्याला चपटी चिकटते. शेवटी रानकोंबड्याचं एक पीस, नखाएवढं, पाठीवर आडवं झोपवायचं. इथेच माझं घोडं अडायचं. दोरा घट्ट केला की पीस कुशीवर वळतं. सैल ठेवला की सुटतं. आणि मधोमध चिरतं तर वाटेल तेव्हा. पहिल्या सहा पिसांतली पाच मी वाया घालवली. मग एका अनुभवी माणसाने सांगितलं की पिसाच्या पोटाला आधी पातळ व्हार्निश लाव, चिरत नाही. माझ्याकडे व्हार्निश नव्हतं. बायकोचं बिनरंगी नेलपॉलिश होतं. अजूनही तेच वापरतो, तिला बाटली अर्धी का झाली याचा पत्ता लागला आहे.

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टात मी तो तुडतुडा पहिल्यांदा पाण्यात टाकला. दोराही त्याच्याच मापाचा लागतो. ७एक्स म्हणतात त्याला. अकरातून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे हजारांश मिळतात, म्हणजे चार हजारांश, मिलिमीटरचा दहावा भाग. काठावर गवत वाकलेलं, त्याच्या सावलीत एक मासा दर मिनिटाला एकदा नाक वर काढत होता. नाकच फक्त, पाणीसुद्धा हलायचं नाही. पहिल्या फेकीला दोरा शेवाळात अडकला आणि प्रवाहाने फ्लाय ओढली. खरा किडा पाण्याबरोबर जातो, पाण्याच्या विरुद्ध तसूभरही ओढला गेला की मासा जाणतो. तो दिसेनासा झाला. मी गवतात बसून राहिलो, डास चावत होते, पूल घरघरत होता. वीस मिनिटांनी तो परत आला. पुन्हा टाकला. तुडतुडा मला दिसत नव्हताच, तो असेल तिथल्या अंदाजाने मी पाहत होतो. त्या अंदाजावर नाक वर आलं. आणि मी, आजोबांच्या शिकवणीला जागून, काठी जोरात उचलली. बांबूला आणि जाड तंगूसाला ते चालत होतं. चार हजारांश इंचाला चाललं नाही. टिक असा आवाज झाला, तो मला आला की फक्त वाटला कुणास ठाऊक, आणि अडीच तास खपून केलेला तुडतुडा माशाच्या ओठात गेला.

दुसरा मासा मिळाला तो त्यानंतर आठवड्याने. अकरा इंचांचा, पाठीवर तपकिरी, बाजूंना लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिक्कट निळसर वळं. ओल्या हातात क्षणभर धरला, काटा काढला, सोडला. गळाच्या टोकाजवळचा उलटा बारीक काटा मी आधीच पक्कडीने दाबून टाकतो, त्यामुळे निघायला त्रास होत नाही.

तेव्हा मी घरी फोन केला. आईला सोडण्याचा प्रकार काही केल्या पटेना. "सोडलास? मग धरलास कशाला? त्याला तुझी ओळख करून घ्यायची होती का?" मी म्हटलं, इथे या भागात सोडावाच लागतो, नियम आहे. "मग दुसऱ्या भागात जा ना," आई म्हणाली आणि फोन बाबांकडे गेला. बाबांना मी कॅमेऱ्यासमोर फ्लाय धरून दाखवली. ते चष्मा वर-खाली करत राहिले. कसला किडा आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

बराच वेळ पलीकडून काही आलं नाही. मग बाबा म्हणाले, "तुडतुडा? मुद्दाम केलास?"

जानेवारीत घरी गेलो तेव्हा एक नेला. खऱ्या पिसाचा नाही, त्या पिसांचं कायद्याचं लचांड नको म्हणून प्लॅस्टिकच्या नकली पंखाचा. बाबांनी त्याला खळ्यात उन्हात नेलं, भिंग काढलं, आणि पहिल्याच नजरेत चूक काढली. "पंख असे उताणे नसतात रे. छपरासारखे असतात, दोन्हीकडे उतरते. चाळीस वर्षं बघतोय." त्यांचं बरोबरच होतं. तुडतुडा पाठीवर पंख कौलांसारखे मिटून बसतो. मी म्हटलं, बाबा, तुम्ही वरून बघताय. मासा खालून बघतो.

ते जागचे उठले. कलमाच्या खालच्या फांदीवरून मोहोराचा एक तुरा त्यांनी पिशवीत घालून झटकला आणि चिमटीत एक खरा तुडतुडा घेऊन आले. काचेच्या पेल्यात काठोकाठ पाणी घेतलं, त्यावर माझा आणि तो असे दोघे सोडले, आणि पेला आभाळाच्या उजेडात डोक्याच्या वर धरून, मान मागे टाकून खालून पाहू लागले. पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत शिरत होतं. मीही शेजारी वाकून पाहिलं. दोन काळ्या पाचरी, एकमेकींपासून बोटभर अंतरावर.

"यातला तुझा कुठला?" बाबांनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत डावीकडच्याने पाण्यावरून उडी मारली. बाबांचा मोकळा हात सवयीने इतक्या जोरात फिरला, की पेल्यातलं अर्धं पाणी माझ्या अंगावर आलं.

"गेला," ते म्हणाले, पेला माझ्या हातात दिला आणि फवारणीचा पंप बघायला पडवीकडे निघाले.